पेपरातल्या कॉमिक स्ट्रिप्स: कोण डोकावून गेलं, आणि का?

शाईचा डाग

चार्ली ब्राऊन आणि लायनस चेहरे पाडून बसलेत. पहिली चौकट गप्प. दुसरी गप्प. तिसरीही. चौथ्या चौकटीत चार्ली ब्राऊन आभाळाकडे तोंड करून बोंबलतो, की मकव्हीने तो चेंडू फक्त तीन फूट वरून का नाही मारला! संपली स्ट्रिप.

'पीनट्स'ची ही स्ट्रिप मी पहिल्यांदा वाचली ती रस्त्यावरच्या जुन्या पेपरबॅकमध्ये. मकव्ही कोण, चेंडू कसला, काही पत्ता नव्हता. तरी हसू आलं, कारण तीन चौकटी गिळून बसलेलं दुःख चौथीत फुटणं हे कुणालाही कळतं. पण खरी गंमत तारखेत आहे.

स्ट्रिप छापून आली २२ डिसेंबर १९६२ला. त्याआधी १६ ऑक्टोबरला बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना झाला होता. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स विरुद्ध न्यू यॉर्क यँकीज. यँकीज १-० पुढे, शेवटचा डाव, जायंट्सचे दोन गडी बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक धावपटू. म्हणजे एक चांगला फटका आणि जायंट्स जगज्जेते. विली मकव्हीने सणसणीत फटका हाणला आणि तो थेट बॉबी रिचर्डसनच्या हातमोज्यात. खेळ खल्लास. 'पीनट्स' काढणारे चार्ल्स शुल्झ उत्तर कॅलिफोर्नियात राहायचे, जायंट्सचे भक्त. दोन महिने उलटले तरी त्यांचं दुःख ओलंच होतं. एवढ्यावर भागलं नाही. २८ जानेवारी १९६३ला पुन्हा तीच स्ट्रिप, तसंच बसणं, तसंच गप्प राहणं. या वेळी चार्ली ब्राऊनची मागणी एक फुटाने खाली आली होती: निदान दोन फूट तरी!

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर शारजा, १८ एप्रिल १९८६. चेतन शर्माचा शेवटचा चेंडू, मियाँदादचा षटकार. समजा जूनमध्ये एखाद्या मराठी पेपरात दोन पोरं कट्ट्यावर गप्प बसलेली दाखवली असती आणि शेवटी एक ओरडला असता, "अरे, पण फुलटॉस कशाला!" तर सगळ्या महाराष्ट्राला तळटीप लागली नसती. आज विशीतल्या पोराला लागेल.

आता दोन महिने उशीर का? दैनिक स्ट्रिप कित्येक आठवडे आधी सिंडिकेटकडे, म्हणजे पेपरांना स्ट्रिप्स पुरवणाऱ्या कंपनीकडे, पोचवावी लागते, रविवारची रंगीत तर त्याहून आधी. व्यंगचित्रकाराला आज राग आला तर वाचकाला तो पुढच्या महिन्यात दिसतो. म्हणून माझा एकच हट्ट आहे: स्ट्रिप वाचण्याआधी तिची तारीख बघा. दोन चौकटींच्या मधल्या फटीत बारीक अक्षरांत सिंडिकेटचं नाव, साल आणि १२-२२ असे आकडे असतात. महिना आधी, दिवस नंतर. तिथून मागे सहा-आठ आठवडे मोजायचे आणि तेव्हा काय चाललं होतं ते शोधायचं. निम्मे संदर्भ तिथेच सापडतात. जुन्या पेपरबॅकवाल्यांनी तारखा उडवून टाकल्या, चौकटीही पानात बसतील तशा हलवल्या. २००४ ते २०१६ या काळात 'पीनट्स'चे सगळे खंड तारीखवार आणि मागे सूची जोडून निघाले तेव्हा कुठे माझ्यासारख्यांची सोय झाली.

तर हा धागा त्यासाठी. नुसतं 'गारफिल्ड भारी असतं' नको. कोणती स्ट्रिप, तिच्यात कोण किंवा काय लपलंय, आणि ते नेमकं त्याच सुमारास का आलं, ते लिहा.

रविवारची पुरवणी

मस्त धागा! माझ्याकडून लगेच एक, पीनट्सच्याच घरातलं.

त्यात '५' नावाचा मुलगा आहे. खरंच, नाव पाच. बहिणींची नावं ३ आणि ४. आडनाव ९५४७२. तो पहिल्यांदा आला ३० सप्टेंबर १९६३ला, आणि सांगतो की सगळीकडे नंबरच नंबर झालेत म्हणून वैतागून बाबांनी आमची नावंच आकड्यांत ठेवली. आता तुमच्या फॉर्म्युल्याने मागे मोजा. १ जुलै १९६३ला अमेरिकेच्या टपाल खात्याने झिप कोड (त्यांचा पिनकोड) सुरू केला. आणि ९५४७२ हा सेबॅस्टपोल गावाचा झिप कोड, जिथे शुल्झ तेव्हा राहत होते. थोडक्यात, स्वतःच्या घराचा पत्ता आडनाव म्हणून चिकटवला!

निळा बोका

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझी भर: 'बिझारो'मध्ये डॅन पिरारो पाय (खायचा), डोळा, ससा, परग्रहवासी, डायनामाइटची कांडी असलं काहीबाही चित्रात लपवतो आणि सहीच्या वर आकडा टाकतो. ३ लिहिलं असेल तर तीन गोष्टी शोधायच्या. पोरांना रविवारी गुंतवून ठेवायला उत्तम. त्याला तारीखबिरीख लागत नाही.

शाईचा डाग

बोकोबा, ती लपाछपी झाली. मजा आहेच, पण त्या डोळ्याला किंवा सशाला त्या दिवसाशी देणंघेणं नाही. आपण शोधतोय ते दुसरं.

पुरवणीताई, ९५४७२ माहीत होतं, पण झिप कोड त्याच उन्हाळ्यात सुरू झाला हे डोक्यात आलं नव्हतं. क्या बात है.

कवटीची अंगठी

वेताळाशिवाय (म्हणजे फँटमशिवाय) हा धागा पुढे जाणार नाही, त्यामुळे आलोच.

१) वेताळाची स्ट्रिप अमेरिकी पेपरांत सुरू झाली १७ फेब्रुवारी १९३६ला. वेताळाच्या दंतकथेत पहिल्या वेताळाच्या बापाचं जहाज चाच्यांनी लुटलं, बाप मारला गेला, तो दिवस कुठला? १७ फेब्रुवारी १५३६. बरोबर चारशे वर्षं. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली ती शपथ, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वारसा, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी स्ट्रिपचा वाढदिवस दडवलेला. ली फॉक हा माणूस मुळात नाटकवाला, असले डाव त्यालाच सुचणार.

२) डिसेंबर १९७७. वेताळ आणि डायनाचं लग्न. पाहुण्यांत नीट बघा: जादूगार मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार हजर आहेत. दोन्ही स्ट्रिप्स ली फॉकच्याच, मँड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. थोरला धाकट्याच्या लग्नाला आला. थोरल्याचं स्वतःचं नार्दाशी लग्न लागायला मात्र १९९७ उजाडलं. त्रेसष्ट वर्षं वाट बघितली बाईने!

३) लोथारकडे बघताना साल बघाच. सुरुवातीचा लोथार म्हणजे अंगात वाघरं, डोक्यावर लाल टोपी, बोलणं तोडकंमोडकं. १९६४मध्ये चित्रकार फिल डेव्हिस गेले, १९६५पासून फ्रेड फ्रेडरिक्सनी काम हाती घेतलं आणि लोथार एकदम धड कपड्यांत, धड भाषेत बोलू लागला. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा १९६४चा. स्ट्रिपमध्ये त्यावर एक शब्द नाही, पण एका माणसाचे कपडे बदलले की काळ कळतो.

४) इंद्रजाल कॉमिक्स, मार्च १९६४, पहिला अंक वेताळाचाच. मराठीत नंतर येऊ लागले. मूळ स्ट्रिपमध्ये वेताळाच्या देशाचं नाव बेंगाली आणि चाच्यांचं नाव सिंग. ते तसंच भारतात विकायचं म्हणजे पंचाईत! म्हणून आपल्याकडे डेंकाली आणि सिंगा. मुळात फॉकचं ते जंगल आशियाच्या अंगाने होतं, नंतर सरकत सरकत आफ्रिकेत गेलं. लहानपणी मी नकाशात डेंकाली शोधायचो, भूगोलाच्या बाईंनाही विचारलं होतं. त्यांनी मला शेवटच्या बाकावर पाठवलं.

पाटीपेन्सिल

रागावू नका, पण मला हे सगळं थोडं अतीच वाटतं. विनोदाला तळटीप लागली की तो विनोद मेला. माझ्या घरी 'चिंटू' यायचा 'सकाळ'मध्ये. १९९१च्या नोव्हेंबरपासून कितीतरी वर्षं सकाळचा पहिला चहा त्याच्यासोबत झाला. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू. कधी कुणाला विचारावं लागलं नाही की यात कोण लपलंय. मुलांचं भांडण, आईचा ओरडा, परीक्षा, पाऊस. सगळं समोर. लपवाछपवी करणारा चित्रकार मला तरी हुशारी दाखवणारा वाटतो.

शाईचा डाग

पाटीपेन्सिलताई, मकव्हीची स्ट्रिप मला काही कळायच्या आधीच आवडली होती हे वर लिहिलंय. संदर्भ कळला म्हणून हसू दुप्पट झालं, पहिलं हसू पुसलं नाही गेलं.

आणि चिंटूचं म्हणाल तर तोही तारखेवरच चालायचा. सुट्टी लागली की चिंटूला सुट्टी, पावसाळा आला की चिंटूकडे चिखल. तुमच्या दारात तोच पाऊस पडत होता म्हणून तुम्हाला तो संदर्भ वाटला नाही, इतकंच. ऑस्ट्रेलियातल्या मुलाला द्या, विचारेल की डिसेंबरात स्वेटर का.

सातारकर जुने

नमस्कार मंडळी. मी फौजेतून निवृत्त. आमच्या युनिटच्या रीडिंग रूममध्ये इंग्रजी पेपर यायचा, त्यातली 'बीटल बेली' पहिल्यांदा वाचली ती वेळ घालवायला. पुढे सवय लागली. आळशी शिपाई, तापट सार्जंट, बटाटे सोलायची शिक्षा, हे बघून आमच्यातले निम्मे जण एकमेकांकडे बोट दाखवायचे. सुभेदारसाहेब मात्र कधी हसले नाहीत. सार्जंट स्नॉर्कल कड्यावरून घसरतो आणि फांदीला लोंबकळत बसतो ती चित्रं त्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून पान दुमडून ठेवायचो.

आता इतिहास. हा बीटल जन्माला आला तेव्हा शिपाई नव्हताच. ४ सप्टेंबर १९५०ला स्ट्रिप सुरू झाली तेव्हा तो कॉलेजकुमार होता, आणि स्ट्रिप काही फारशी खपत नव्हती. तिकडे कोरियाचं युद्ध पेटलं होतं. १९५१मध्ये मॉर्ट वॉकरनी त्याला भरतीत घातला आणि स्ट्रिप धावायला लागली. स्वतः वॉकर दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, त्यामुळे माल तयार होता.

पुढचं अजून मजेदार. १९५३मध्ये कोरियात युद्धबंदी झाली. वॉकरना वाटलं आता फौजेच्या विनोदाला कोण विचारतो. म्हणून बीटलला रजेवर घरी पाठवला, बहिणीकडे. वाचकांनी पत्रं पाठवून कल्ला केला, त्याला परत फौजेत पाठवा. बीटल परतला, पण बहीण आणि मेहुणा वॉकरना इतके आवडले की १९५४मध्ये त्यांची वेगळी स्ट्रिप काढली. तीच 'हाय अँड लोइस'. लोइस ही बीटलची सख्खी बहीण. कित्येक लोक दोन्ही स्ट्रिप्स रोज वाचतात आणि हे त्यांना ठाऊक नसतं. मधूनच बीटल 'हाय अँड लोइस'मध्ये मामा म्हणून येऊन जातो, तेव्हा हा कोण टोपी डोळ्यांवर ओढलेला, असं वाटतं.

त्याच १९५४मध्ये अमेरिकी सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'च्या टोकियो आवृत्तीने बीटल बेली बंद केली. अधिकाऱ्यांची टिंगल होते म्हणून. आमच्या सुभेदारसाहेबांना हे सांगायला हवं होतं.

रविवारची पुरवणी

काका, सॅल्यूट! भाचरांनी मामाला ओळखलं पाहिजे हे बरोबरच. आणि 'हाय अँड लोइस'ची चित्रं काढणारे डिक ब्राऊन म्हणजेच १९७३पासूनच्या 'हागर'चे बाप. नाक बघा दोन्हीकडची.

टोरांटोकर

उशिरा आलो. पाटीपेन्सिलताईंच्या मुद्द्यावर बोलतो, कारण तळटीप नसेल तर अर्धी मेलेली एक स्ट्रिप मला माहीत आहे आणि ती माझी सगळ्यात लाडकी आहे: वॉल्ट केलींची 'पोगो'. जॉर्जियातल्या ओकेफनोकी दलदलीतले प्राणी. पोगो म्हणजे पोसम, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा छोटा प्राणी. वरवर बघाल तर पोरांची गोष्ट.

१९५३मध्ये या दलदलीत एक रानमांजर येतं, सिंपल जे. मलार्की. हातात बंदूक, भुवया जाड, गाल निळसर, दाढी न केलेले. दलदलीतल्या पक्षिनिरीक्षक मंडळाचा ताबा घेतं आणि सगळ्यांवर संशय. तेव्हाच्या वाचकाला एका नजरेत कळत होतं की हा सिनेटर जोसेफ मॅकार्थी. कोण कम्युनिस्ट, कोण नाही याच्या चौकश्यांनी त्या काळात देश हैराण होता, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि अग्रलेखवालेसुद्धा जपून लिहीत होते. केली मात्र विनोदाच्या पानावर, रोज.

आता जवळून बघण्यासारखी गोष्ट. र्‍होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या पेपराने कळवलं, हा चेहरा पुन्हा दिसला तर स्ट्रिप बंद. केलींनी काय केलं? दलदलीत एक कोंबडी आणली. र्‍होड आयलंड रेड जातीची, आणि राहणारी प्रॉव्हिडन्सची. मलार्कीला ते कळतं तसा तो घाबरतो, की प्रॉव्हिडन्सच्या कुणी आपला चेहरा बघायला नको. आणि डोक्यावर पिशवी ओढून घेतो. पुढे पिशवीतलाच मलार्की. पेपराची अट शब्दशः पाळली, चेहरा दाखवला नाही. पण डोकं झाकलेला, दोन भोकांतून बघणारा माणूस अमेरिकेत कुणाची आठवण करून देतो हे सांगायला नको. काळ्या लोकांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचे मुखवटे तसेच असतात. चेहऱ्यापेक्षा पिशवी महाग पडली. १९५४च्या डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींवर ठपक्याचा ठराव केला.

शाईचा डाग, तुमच्या तारखेच्या नियमात मला एक पाचर मारायची आहे. पुढे पुढे पेपरवाले पोगोतल्या राजकारणाला फारच बिचकायला लागले तेव्हा केलींनी त्यांच्यासाठी पर्यायी स्ट्रिप्स काढल्या. गोंडस ससे, साधेसुधे विनोद. ज्याला राजकारण नको त्याने ससे छापावेत. केली गमतीने वाचकांना सांगत, तुमच्या पेपरात ससे दिसले तर समजा की विचार करण्याची जोखीम तुमच्या संपादकाला नको आहे. म्हणजे एकाच तारखेला एका गावात एक पोगो, शेजारच्या गावात दुसरा. नुसती तारीख पुरत नाही, पेपर कुठला तेही बघावं लागतं.

शाईचा डाग

टोरांटोकर, पाचर मान्य. तारीख आणि पेपर, दोन्ही. ससे हीच बातमी, हे भलतंच आवडलं.

पाटीपेन्सिल

पिशवीवाला किस्सा जबरदस्त आहे. पण हे मला अजून पटतंय की तळटीप न देता पोगो आज कुणी पोरगं वाचणार नाही. चिंटू वाचेल. टिकाऊ कोण, ते तुम्हीच ठरवा.

टोरांटोकर

ताई, टिकायचं म्हणून काढलेलीच नव्हती ती. उद्याच्या पेपरात रद्दी होणार हे ठाऊक असलेल्या माणसाने आजच्या सिनेटरला चिमटा काढला. सत्तर वर्षांनी आपण त्यावर भांडतोय हा बोनस.

गोंयकार

देव बरें करूं सगळ्यांचें. स्ट्रिप नव्हे, पण आमच्या लोटलीच्या मारियो मिरांडाला विसरू नका. मिस निंबूपानी, मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास आणि ऑफिसातला कारकून गोडबोले. मुंबईच्या पेपरांत आणि साप्ताहिकांत हीच मंडळी फिरून फिरून भेटायची. गोडबोले बघून पुण्याचे लोक चिडायचे की सुखावायचे ते तुम्हीच सांगा. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतीवर मारियोची चित्रं आहेत, बियरचा ग्लास खाली ठेवून एकदा कोपरे तपासा. कुत्रा सापडेलच.

आणि लक्ष्मणचा कॉमन मॅन धरला तर तो १९५१पासून दर चौकटीत हजर आणि गप्प. त्याला संदर्भ म्हणावा की साक्षीदार?

कवटीची अंगठी

गोंयकार, साक्षीदार. चौकड्यांचा कोट घातलेला साक्षीदार, वरळी सीफेसवर पुतळ्याच्या रूपातही उभा आहे.

रविवारची पुरवणी

ब्लाँडी राहिलीच की! तिच्या नवऱ्याचं, डॅगवुडचं, ते उंचच उंच सँडविच, डुलक्या, बॉस डिथर्सच्या लाथा सगळ्यांना माहीत. पण मुळात डॅगवुड कोण होता? करोडपती रेल्वेमालकाचा मुलगा! आणि ८ सप्टेंबर १९३०ला सुरू झालेल्या स्ट्रिपमध्ये ब्लाँडी बूपाडूप ही नाचगाण्यात रमलेली, त्या काळातल्या फ्लॅपर पोरींपैकी एक. पण मंदी आली. लोक भाकरीच्या रांगेत उभे, त्यांना श्रीमंत पोराच्या प्रेमकहाणीत कसला रस? स्ट्रिप गडगडायला लागली. मग चिक यंगनी डॅगवुडला उपोषणाला बसवलं, आईबापाने लग्नाला परवानगी द्यावी म्हणून. परवानगी मिळाली, वारसाहक्क गेला. लग्न झालं आणि पठ्ठ्या एका रात्रीत तुमच्याआमच्यासारखा नोकरदार झाला. आज तो बिलं बघून घाबरतो त्यामागे १९३३ची मंदी आहे.

लग्नाची तारीख: १७ फेब्रुवारी १९३३.

कवटीची अंगठी

काय सांगता! १७ फेब्रुवारी??

रविवारची पुरवणी

योगायोग हो. वेताळ तीन वर्षांनी आला. लगेच धागेदोरे जुळवू नका.

ब्लाँडीचं आणखी एक. २००५मध्ये पंचाहत्तरी झाली तेव्हा मोठी पार्टी ठेवली आणि दुसऱ्या स्ट्रिप्समधले लोक पाहुणे म्हणून येऊ लागले. गारफिल्ड, हागर, बीटल बेली. ती पानं जमवली तर 'ओळखा पाहू'चा उत्तम खेळ होतो. आणि त्याच वेळी 'पर्ल्स बिफोर स्वाइन'मध्ये वेगळाच तमाशा चालू: आपल्याला आमंत्रण नाही म्हणून चिडलेले उंदीर आणि डुक्कर बिनबोलावता निघाले. दोन पेपरपट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हा विनोद पूर्णच होत नाही.

निळा बोका

'पर्ल्स'वरून आठवलं. ४ ते ६ जून २०१४, तीन दिवस. लिबी नावाची दुसरीतली मुलगी ती स्ट्रिप काढणाऱ्या स्टीफन पॅस्टिसला म्हणते, तुला चित्रं काढता येत नाहीत, मी काढते. आणि मधल्या चौकटी अचानक भलत्याच सुंदर होतात. त्या काढल्या होत्या बिल वॉटरसननी! 'केल्विन अँड हॉब्ज' ३१ डिसेंबर १९९५ला थांबवल्यापासून ज्या माणसाची नवी स्ट्रिप कुणाला दिसली नव्हती, तो गुपचूप येऊन गेला. छापून होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. नंतर ती मूळ चित्रं पार्किन्सन्सवरच्या संशोधनासाठी लिलावात गेली.

यात लपाछपीही आहे आणि तारीखही. आता तरी माझा प्रतिसाद चालेल ना, डागसाहेब?

शाईचा डाग

पळेल! रेघ ओळखून चित्रकार पकडणं ही तर वरची पायरी. १ एप्रिल १९९७ला असाच सामुदायिक प्रकार झाला होता. चाळीसहून जास्त व्यंगचित्रकारांनी एका दिवसासाठी आपापसात स्ट्रिप्स बदलल्या. 'फॅमिली सर्कस'सारखं गोडगोड घर त्या दिवशी 'डिल्बर्ट'वाल्या स्कॉट अ‍ॅडम्सने काढलं आणि बिल कीनने डिल्बर्टचं ऑफिस. तारीख न बघता ते कात्रण हाती आलं तर माणूस छपाईची चूक समजेल.

सातारकर जुने

एक शंका. पीनट्समधला फ्रँकलिन. तो कुठल्या साली आला? माझ्या आठवणीत त्याचे वडील व्हिएतनामला होते.

रविवारची पुरवणी

बरोबर आठवतंय काका. ३१ जुलै १९६८. चार्ली ब्राऊनला तो समुद्रकिनाऱ्यावर भेटतो, वाहून गेलेला चेंडू आणून देतो, दोघं मिळून वाळूचा किल्ला करतात आणि बोलता बोलता कळतं की वडील व्हिएतनाममध्ये आहेत. पीनट्समधला पहिला कृष्णवर्णीय मुलगा. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच कॅलिफोर्नियातल्या एका शिक्षिकेने शुल्झना पत्र लिहिलं की तुमच्या मुलांत एक काळं मूल असू द्या. पत्रव्यवहार झाला आणि जुलैअखेर फ्रँकलिन. गंमत म्हणजे त्याला बरीच वर्षं आडनाव नव्हतं. पुढे टीव्हीसाठी हवं होतं तेव्हा शुल्झनी 'जम्पस्टार्ट' स्ट्रिपचे कृष्णवर्णीय व्यंगचित्रकार रॉब आर्मस्ट्राँग यांची परवानगी घेऊन त्यांचं आडनाव दिलं. फ्रँकलिन आर्मस्ट्राँग.

उलट दिशेचाही एक संदर्भ: शुल्झना घरचे-दारचे सगळे 'स्पार्की' म्हणत. १९२२मध्ये 'बार्नी गूगल' स्ट्रिपमध्ये स्पार्क प्लग नावाचा घोडा आला आणि देशभर गाजला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शुल्झ जन्मले. काकाने बाळाला घोड्याचं नाव देऊन टाकलं!

पाटीपेन्सिल

हे मात्र गोड आहे. घोड्याचं नाव मला पटलं, तळटीप लागली तरी.

माझा एक प्रश्न, कारण लहानपणी कुणीतरी अमेरिकेहून आणलेली कात्रणं वाचली होती. 'लिटिल ऑर्फन अ‍ॅनी'चं पुढे काय झालं? अजून चालू आहे का?

टोरांटोकर

नाही ताई. १९२४पासूनची स्ट्रिप १३ जून २०१०ला बंद पडली. आणि बंद कशी? अ‍ॅनीला एका युद्धगुन्हेगाराने पळवून ग्वाटेमालात नेलंय, तिला सांभाळणारा डॅडी वॉरबक्स हताश, आणि पुढचा भागच नाही. पोरगी तिथेच अडकली.

पाटीपेन्सिल

अगंबाई! मग?

टोरांटोकर

मग २०१४मध्ये 'डिक ट्रेसी' या पोलीस डिटेक्टिव्हच्या स्ट्रिपच्या नव्या चमूने वॉरबक्सला ट्रेसीच्या ऑफिसात पाठवलं. ट्रेसीने केस हाती घेतली आणि अ‍ॅनीला सोडवून आणलं. दुसऱ्याच स्ट्रिपमध्ये.

पाटीपेन्सिल

चार वर्षं पोर डांबून ठेवली होती म्हणजे! आता मला त्या डिक ट्रेसीच्या तारखा द्या बघू.